सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही? विंडोज मारण्याआधी एरर वाचा



ऑनलाइन सेवा केंद्र किंवा बिलिंगचं दुकान टाकायचं ठरवलं की सगळे विचारतात, "सर, कॉम्प्युटर कोणता घेऊ?" पण "सॉफ्टवेअर इन्स्टॉलच नाही झालं तर काय करू?" असं फार कमी जण विचारतात. धंदा मात्र तिथेच अडतो. भिवापूरसारख्या गावात उमरेड-नागपूरहून टेक्निशियन येईपर्यंत अर्धा दिवस जातो. त्या दिवशी पीक विम्याची शेवटची तारीख असेल तर शेतकरी तुमच्यासाठी थांबत नाही, सरळ दुसऱ्या केंद्रावर जातो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पहिला अर्धा तास स्वतः शोधायचा. "विंडोज मारून टाका" हा सल्ला सगळ्यात शेवटी.

एरर आला की लगेच ओके दाबू नका. आधी मोबाईलवर फोटो काढा, कारण त्या आकड्याला अर्थ असतो. विंडोज इन्स्टॉलरचा १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. ते संपू द्या, नाहीतर रीस्टार्ट करा. १६३८ म्हणजे त्याच सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती आधीच आहे. जुनी काढा, पण डेटाचा बॅकअप घेतल्यावरच. १६०३ मोघम आहे. तिथे रीस्टार्ट, सी ड्राइव्हमधली जागा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' या तीन गोष्टी आधी बघा.

काही जुनी सॉफ्टवेअर डॉट नेट ३.५ मागतात. विंडोज १० मध्ये ते 'विंडोज फीचर्स'मधून चालू करावं लागतं. तसंच ६४ बिटचं सॉफ्टवेअर ३२ बिट विंडोजवर चालत नाही, आणि ६४ बिट विंडोजला अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हरही ६४ बिटचाच लागतो.

सेकंडहँड पीसी घेताना विंडोज कोणतं आहे ते बघाच. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ७ वर क्रोमसुद्धा १०९ च्या पुढे जात नाही. तिथे नवीन सॉफ्टवेअर बसलं नाही, तर दोष सॉफ्टवेअरचा असेलच असं नाही.

आणि "अँटीव्हायरस बंद करून क्रॅक टाका" म्हणणाऱ्याला हात जोडा. त्याच पीसीवर तुमच्या गिऱ्हाइकांचे आधार आणि पासबुक स्कॅन होतात. लोकांनी ते विश्वासाने दिलेले असतात.

काही जण म्हणतील, "आम्ही धंदा करायचा की रिपेअरिंग?" अहो, मिरचीचा व्यापारी माल तोलण्याआधी काटा शून्यावर आहे का ते स्वतःच बघतो. त्यासाठी तो मिस्त्री बोलावत नाही. कॉम्प्युटर हा तुमचा काटा आहे.

अर्ध्या तासात नाही जमलं तर टेक्निशियनला जरूर बोलवा. पण फोनवर "चालत नाही" एवढंच सांगू नका. एररचा फोटो आणि काय काय करून पाहिलं ते पाठवा. बऱ्याचदा काम फोनवरच होतं. फॉरमॅट करायचंच ठरलं, तर डेस्कटॉपवरच्या फाइली आणि उधारीचा हिशोब आधी पेनड्राइव्हवर घ्या. विंडोज तासाभरात परत टाकता येतं, पण पुसलेली उधारी गिऱ्हाईक आपणहून आठवून सांगेल याचा भरवसा नाही.

काउंटरवर एक वही ठेवा: तारीख, सॉफ्टवेअर, एरर, उपाय. वर्षभरात तीच तुमची सगळ्यात कामाची वही होईल.