जॅमचा प्रयोग, लग्नाचा बस्ता आणि माझी चूक



परवाच्या व्हिडिओत मी बोलून गेलो की सायकॉलॉजीचा कुठलाही फंडा दुकानात वापरायच्या आधी तो कुठल्या माणसाने, कुठे बसून शोधला ते बघा. त्यावर एकाने विचारलं, "सर, आम्ही धंदा करायचा की प्रोफेसर लोकांच्या कुंडल्या मांडायच्या?" प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्याच चुकीपासून सुरू करतो.

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातले एक साडीचे दुकानदार माझ्याकडे ट्रेनिंगला होते. तेव्हा मी नुकताच तो प्रसिद्ध जॅमचा प्रयोग वाचला होता. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात टेबलावर कधी २४ प्रकारचे जॅम ठेवले, कधी फक्त ६. २४ असताना १४५ लोक थांबले, पण घेतला फक्त ४ जणांनी. ६ असताना १०४ थांबले आणि ३१ जणांनी घेतला. झालं! मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "गिऱ्हाईकाला सहाच्या वर साड्या दाखवायच्याच नाहीत. पर्याय वाढले की माणूस गोंधळतो."

लग्नसराई सुरू झाली. बस्त्याला दहा-बारा माणसं येऊन गादीवर बसायची, हे सहा साड्या उलगडून थांबायचे. "एवढ्यात माल संपला का हो?" म्हणत मंडळी समोरच्या दुकानात. तीन मोठे बस्ते गेले. त्यांचा फोन आला तेव्हा ते चिडलेही नव्हते. एवढंच म्हणाले, "सर, त्या जॅमवाल्या बाईंना एकदा आमच्याकडे बस्त्याला घेऊन या."

हे वाक्य मला झोंबलं, कारण त्या बाई कोण हे मला धड माहीतच नव्हतं. मग शोधलं. शीना अय्यंगार. जन्म १९६९, टोरांटो. आईवडील दिल्लीहून गेलेले शीख. घरात काय खायचं, काय घालायचं, पुढे लग्न कोणाशी, सगळं ठरलेलं. आणि अमेरिकेतल्या शाळेत रोज शिकवण की तुझं तू निवड. त्यात डोळ्यांच्या आजाराने हळूहळू दृष्टी गेलेली. अशा मुलीने मोठेपणी 'निवड' हाच अभ्यासाचा विषय घेतला, यात नवल नाही.

आणि आता गंमत बघा. त्यांचा दुसरा एक प्रयोग आहे, १९९९ सालचा, जॅमच्या आधी छापून आलेला. मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींनी कोडी स्वतः निवडली, काहींना सांगितलं की ही तुमच्या आईने निवडलीत. गोऱ्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेलं उत्तम केलं. चिनी-जपानी वंशाच्या घरांतल्या मुलांनी आईने निवडलेलं सगळ्यात चांगलं केलं! म्हणजे सगळ्यांची निवडायची रीत एक नसते, हे त्याच बाईंनी मांडून ठेवलं होतं. पण ट्रेनर लोक जॅमच सांगतात. जॅमचा आकडा टाळ्या मिळवतो ना!

बस्त्यात काय असतं? नवरीला आवडलेली साडी आत्याच्या, मावशीच्या, सासूच्या नजरेतून जाते. चाळीस साड्या उलगडणं हा मानपानाचा भाग आहे. तिथे कोणी गोंधळत नाही, तिथे पंचायत बसलेली असते. शिवाय त्या टेबलावर स्ट्रॉबेरीसारखे नेहमीचे जॅम मुद्दाम ठेवलेच नव्हते. आपल्याकडच्या बायकांना पैठणी आणि इरकल ओळखायला तुमची-माझी मदत लागत नाही. पुढे २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कुठे पर्याय जास्त झाल्याने विक्री पडली, कुठे वाढली. हे मी आधी वाचायला हवं होतं.

याचा अर्थ प्रोफेसरांचं सगळं फेकून द्या असा नाही. डॅनियल काहनेमान घ्या. २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला हा माणूस मानसशास्त्रज्ञ, तरुणपणी इस्रायली सैन्यात होता. एकदा विमान चालवायला शिकवणाऱ्या लोकांसमोर तो सांगत होता की शिक्षेपेक्षा कौतुकाने माणूस चांगलं शिकतो. एक जण उठून म्हणाला, साफ चूक. कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं. काहनेमानच्या डोक्यात प्रकाश पडला. फार चांगल्या उड्डाणानंतरचं उड्डाण तसंही जरा कमीच होणार, फार वाईटानंतरचं जरा बरंच होणार. झापण्याचा संबंधच नाही. काउंटरवरच्या पोराला झापल्यावर दुसऱ्या दिवशी विक्री वाढली म्हणून खूश होता ना, तिथे हे लावून बघा. हे कुठेही चालतं, कारण हा चढ-उताराचा हिशेब आहे, कुठल्या देशाचा स्वभाव नाही.

आणि एक माणूस तर थेट आपल्यासारख्यांकडेच आला होता. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड. वडील मेथडिस्ट पाद्री. घरातूनच मेहनत आणि धर्म यांचा संबंध बघितलेला, म्हणून 'काही करून दाखवायची ओढ' हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. पण ते हार्वर्डमध्ये बसून राहिले नाहीत. १९६४ च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाडाच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून त्यांना या ओढीचं ट्रेनिंग दिलं, आणि नंतर जाऊन मोजलं. ट्रेनिंग घेतलेल्यांनी जास्त नवे धंदे काढले, जास्त पैसा गुंतवला, जास्त माणसं कामाला लावली. जात आणि जुने संस्कार आड येतील अशी शंका होती, ते तितकेसे आडवे आले नाहीत. आज तुम्ही ज्या ईडीपी कोर्सला जाता, त्याचं मूळ बरंचसं काकीनाडात आहे. पण हे किती ट्रेनर सांगतात? आपल्याच माणसांवर झालेला प्रयोग आपल्याला ठाऊक नसतो, कॅलिफोर्नियातला जॅम मात्र पाठ.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी, मीसुद्धा, स्टेजवरून "एका संशोधनानुसार" म्हटलं की हात वर करा. कोणाचं? कुठलं? कोणावर केलं? ट्रेनरला उत्तर येत नसेल तर चहा प्या आणि घरी जा.

त्या साडीवाल्यांना मी नंतर फी परत द्यायला गेलो, त्यांनी घेतली नाही. आता ते वहीत रोज लिहितात: किती माणसं आली, किती साड्या उघडल्या, काय गेलं. बस्त्याच्या गिऱ्हाईकाला हवं तेवढं दाखवतात. पण दुपारी एकटी येणारी, ऑफिसला नेसायला एखादी साडी बघणारी बाई आली, तर आठ-दहाच काढतात. तिथे म्हणे विक्री वाढली. आकडे त्यांचे आहेत, मी अजून तपासलेले नाहीत.