घरी सगळं ठीक आहे

गेल्या वर्षी माझ्या बाबांनी जबलपूर ते पुण्याजवळचं खडकी असा सुमारे १००० किलोमीटरचा प्रवास सायकलने केला. नऊ दिवस लागले. ७ डिसेंबरला, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनी, ते खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरपाशी पोहोचले. मणक्याला इजा झाल्यामुळे ज्यांना पुन्हा उभं राहता येत नाही असे जवान तिथे राहतात. १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या ध्वजदिनाच्या निधीतून या केंद्राला मदत मिळते. बाबांनी वाटेत जमवलेले पैसे याच निधीत भरले. हार झाले, फोटो झाले, टाळ्या झाल्या. मला बाबांचा अभिमान आहे. तरीही या प्रवासाबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी इथे मांडणार आहे.

बाबा सिग्नल्समधून निवृत्त झाले, तेव्हा आता ते घरी असतील असं आम्हाला वाटलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी जबलपूरला गेलो, तर ते पहाटे चारलाच सायकल काढून तिलवारा घाटाकडे निघून जायचे. परत आले की जेवायचे आणि झोपायचे. माझ्या सुट्टीतले त्यांच्या वाट्याचे दिवस असेच संपले. मी काही बोललो नाही. चांगल्या कामाविरुद्ध तक्रार कशी करायची?

२९ नोव्हेंबरला ते निघाले. सिवनी, नागपूर, अमरावती, कारंजा असे मुक्काम झाले. धाकट्या बहिणीने फ्रिजवर नकाशा लावला होता. बाबांचा मुक्कामाचा फोन आला की ती त्या गावावर आईची एक टिकली चिकटवायची.

चौथ्या रात्री आजोबा न्हाणीघरात घसरून पडले. त्यांचं मनगट मोडलं. आईने शेजारच्या काकांना उठवलं, बहिणीला काकूंकडे झोपवलं आणि आजोबांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी आम्हाला घरी फोन करायला दहा मिनिटं मिळतात. आईने मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "बाबांना बोलू नकोस. ते अर्ध्या वाटेवरून परत फिरतील." मग तिने त्याच फोनवर बाबांना जोडून घेतलं. बाबा मेहकरच्या रस्त्यावर होते. त्यांनी विचारलं, "काय रे, घरी सगळं ठीक?" मी म्हणालो, "हो बाबा, सगळं ठीक आहे."

कॅडेट खोटं बोलत नाही, असं आपण रोज ऐकतो. मी बोललो. चांगल्या हेतूने बोललो, पण बोललो.

फौजी घरांत ही सवय जुनी आहे. माणूस सीमेवर असताना त्याला घरची काळजी कळवत नाहीत, कारण त्याला येता येत नाही आणि लक्ष विचलित झालं तर जिवावर बेतू शकतं. ते मला पटतं. पण सायकलवर जाण्याचा हुकूम बाबांना कोणी दिला नव्हता. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता. ते हवं तेव्हा बस पकडून घरी येऊ शकत होते. ड्यूटीचा नियम आम्ही हौसेला लावला. हौस चांगल्या कामासाठी असली, तरी ती हौसच.

सायकलिंगमधलंच एक उदाहरण देतो. 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ती दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. एकट्याने म्हणजे सायकल एकट्याने चालवली. सोबत मदतनीसांचा क्रू असतोच. रात्री क्रूची गाडी स्वाराच्या मागे राहिलीच पाहिजे, असा नियम आहे. खाणं, पाणी, रस्ता, झोप सगळं क्रू बघतो. क्रूपैकी कोणी आजारी पडलं तर ते स्वारापासून लपवून शर्यत होत नाही. बाबांच्या प्रवासात आई हीच क्रू होती. पण तिला तसं कोणी विचारलं नव्हतं आणि हारही कोणी घातला नाही.

बाबांना सगळं कळलं ते ७ तारखेच्या रात्री. पुढे हिवाळ्याच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "मी परत फिरलो असतो की नाही, मला माहीत नाही. पण ते मला ठरवू द्यायचं होतंत." मी सॉरी म्हणालो. मग धीर करून म्हणालो, "बाबा, जायचं की नाही हे तुम्हीही आम्हाला विचारलं नव्हतं." ते बराच वेळ गप्प बसले. रागावले मात्र नाहीत.

काही जण म्हणतात, पैसेच द्यायचे तर सरळ पाठवावेत, सायकल कशाला? मला ते पटत नाही. बाबांना बघून वाटेतल्या अनेकांना खडकीचं केंद्र पहिल्यांदा कळलं. असे प्रवास व्हावेत. मात्र निघण्याआधी घराला विचारावं, वाटेत घराने खरं सांगावं आणि परतल्यावर घराचंही नाव घ्यावं. जखमी जवानांची काळजीसुद्धा शेवटी कोणाचं तरी घर वर्षानुवर्षं घेत असतं. त्यांच्यासाठी निघालेल्या माणसाने आपलं घर विसरू नये.

या वर्षी बाबांना पुन्हा जायचं आहे. या वेळी जेवणाच्या टेबलावर चर्चा झाली. बहिणीने पहिला प्रश्न विचारला, "आजोबांकडे कोण बघणार?" तारीख आता माझ्या सुट्टीत ठरली आहे. आजोबांकडे मी बघणार आहे. बाबांचा फोन आला की घरी जे असेल तेच सांगणार आहे.