कैलासवासींचा रहिवासी दाखला

अंकाची जुळवाजुळव आम्ही गुढीपाडव्याला सुरू करतो. जाहिराती आधी येतात, साहित्य मागून. लहान गावातल्या दिवाळी अंकाचा संसार असाच चालतो आणि तो तुम्हाला ठाऊक आहे. यंदा पाडव्यालाच आमचे एक जुने जाहिरातदार दोन कामं घेऊन आले. पहिलं काम वडिलांच्या पुण्यस्मरणाचं: अर्धं पान, फेट्यातला फोटो, नावाआधी 'कै.' आणि 'ह.भ.प.', खाली 'वैकुंठवासी झाले' ती तिथी. एकाच माणसाला कैलासातही घर आणि वैकुंठातही. पैसे त्यांनी तिथल्या तिथे रोख मोजले.

दुसरं काम तक्रारीचं. बीड-नगरच्या शिवेवरच्या ख्रिस्ती वस्त्यांवर आम्ही एक लेख लिहवून घेतोय आणि लेखकही ख्रिस्ती आहे, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "छापा हो, अंक तुमचा," ते म्हणाले, "पण ही मंडळी कुठली म्हणायची? त्यांच्या ग्रंथातच लिहिलंय म्हणे, आम्ही इथले नाही, वरचे." आणि मोबाइल पुढे केला. पडद्यावर संत पौलाच्या एका पत्राचा हवाला, खाली चार प्रश्नचिन्हं आणि एक तिरंगा. मी चहा मागवला. त्या वेळी मला काही सुचलं नाही, हे कबूल करतो. पुढे तोच मजकूर आणखी तिघांनी पाठवला, त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक. तेव्हापासून तो चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला आहे, तेव्हा यंदाचं संपादकीय त्याच्यावरच.

आढावा थोडक्यात उरकतो. बीडचं नाव वर्षभर पहिल्या पानावर राहिलं. ज्या कारणांनी राहिलं ती सणासुदीला उगाळत नाही. सप्टेंबरातल्या पावसाने हाताशी आलेली पिकं नेली. त्याच महिन्यात, मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून नगरकडे आगगाडी निघाली. आमच्या दोन-तीन पिढ्यांनी जिची फक्त भाषणं ऐकली होती ती. रोमला नवे पोप आले. जन्माने अमेरिकन, पुढे पेरूचं नागरिकत्व घेतलेले, आता व्हॅटिकनचे प्रमुख. वरचा देश धरला तर चार होतात.

आता मूळ मुद्दा. आपण मराठी माणसं गेलेल्या माणसाला तेराव्याच्या आत परदेशी नागरिकत्व देऊन टाकतो. शैव असेल तर कैलासवासी, माळकरी असेल तर वैकुंठवासी, काहीच ठरत नसेल तर स्वर्गवासी. लग्नपत्रिकेत, सातबाऱ्याच्या अर्जात, शाळेच्या कोनशिलेवर 'कै.' बिनधास्त बसलेलं असतं. त्या एका अक्षरामुळे कुणाची देशनिष्ठा संशयात आल्याचं मी तरी ऐकलं नाही. बरं, कैलास पर्वत आहे तिबेटात. पाच वर्षांच्या खंडानंतर यंदा मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली, तेव्हा यात्रेकरूंना चीनचा व्हिसा काढावा लागला. मेल्यावर जाणाऱ्यांना लागत नाही, एवढाच फरक. देहूच्या तुकोबांनी तर जिवंतपणीच आपला मूळ मुक्काम वैकुंठ सांगितला होता. त्यांच्या वह्या बुडवायला लावल्या त्या वेगळ्या रागापोटी. देहूचा रहिवासी दाखला त्यांच्याकडे कोणी मागितला नाही.

मग पौलाने असं वेगळं काय लिहिलं? ते पत्र आहे फिलिप्पैच्या मंडळीला. फिलिप्पै हे मासेदोनियातलं गाव, पण रोमन वसाहत. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं. रोम तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, तरी तिथला माणूस रोमच्या कायद्याने चालायचा आणि आपण रोमचे म्हणून छाती फुगवायचा. अशा लोकांना तुरुंगात बसून पौल स्वर्गाच्या नागरिकत्वाची गोष्ट सांगतो. त्यांना ती लगेच कळली असणार: रोम न पाहता रोमच्या रीतीने वागता येतं, तसंच हेही. फिलिप्पै सोडून निघा, असं तो कुठेही म्हणत नाही.

आणि मोबाइलवर जी गोष्ट येत नाही ती पुढची. याच फिलिप्पैत आधी एकदा पौलाला चौकशी न करता भर चौकात फटके मारून कोठडीत टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप सोडून द्या. पौल अडून बसला. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला उघड्यावर मारलंत, आता गुपचूप कशाला, साहेबांना स्वतः येऊन बाहेर काढू द्या. साहेब आले, गयावया करून घेऊन गेले. पुढे यरुशलेमात चाबूक उगारला गेला तेव्हा त्याने पुन्हा तेच नागरिकत्व पुढे केलं, आणि शेवटी थेट कैसराकडे दाद मागितली. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हे सगळं तपशिलाने आहे. दोन्ही दाखले त्याच्या खिशात होते आणि खालचा कधी काढायचा, हे त्याला वकिलाइतकं कळत होतं.

प्रश्न नवा नाही, हेही खरं. सावरकरांनी १९२३ साली 'हिंदुत्व' ग्रंथात पितृभू आणि पुण्यभू अशी जोडी मांडली. ख्रिस्ती-मुसलमानांची पितृभू इथे असली तरी पुण्यभू दूर, म्हणून ते त्या व्याख्येत बसले नाहीत. जाहिरातदारांच्या मोबाइलमधलं पाणी त्याच झऱ्याचं, फक्त न गाळलेलं. सावरकरांनी निदान स्वतः विचार करून लिहिलं होतं. पण पुण्यभूमी नकाशावर बोट ठेवून दाखवायची ठरली, तर आमच्या 'कै.'चं काय करायचं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. दुसरं असं की, १९१० साली मुंबईत सावरकरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत जोसेफ बाप्टिस्टा होते. लोकमान्यांचे 'काका' बाप्टिस्टा. १९१६ साली होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष हेच. चर्चला जाणारे ख्रिस्ती. स्वराज्याच्या सभेला जाताना त्यांनी स्वर्ग खुंटीला टांगून ठेवल्याची नोंद नाही.

आपल्याकडच्या ख्रिस्ती माणसांनी या गुंत्यावर जेवढा विचार केलाय तेवढा आपण केलेला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मगुरूंना वाटलं, आता ही मुकाट ऐकेल. बाईंनी कळवलं की मन आणि बुद्धी मी तुमच्याकडे गहाण टाकलेली नाही. सहा वर्षांनी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला त्या प्रतिनिधी म्हणून हजर होत्या. पुण्याला त्या बाटग्या वाटल्या आणि तिकडच्या चर्चला उद्धट. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. कीर्तनं करत, अभंग रचत. १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी एक बंधुमंडळ काढलं. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. नाव ठेवलं 'देवाचा दरबार'. स्वर्गाच्या राज्याला मराठीत याहून घरचं नाव मला सुचत नाही. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपण घरोघरी वाचतो, पोरींना अभ्यासाला लावतो. त्यांनी तरी आपली जागा वेगळी कुठे मागितली?

आणि फार लांब कशाला जायचं. आमच्या शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जानेवारी २०२० मध्ये ९३वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईत हिरवाईसाठी गुंडांशी पंगा घेतलेला माणूस, 'सुबोध बायबल'चा कर्ता, मराठी आमच्या-तुमच्यापेक्षा स्वच्छ. निवड जाहीर झाल्याबरोबर विरोध सुरू झाला, धमकीचे फोन गेल्याच्या बातम्या आल्या. धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा, असा सवाल. ज्ञानेश्वर, एकनाथ, रामदास कोण होते, असा उलट सवाल कोणी केल्याचं आठवत नाही. पाठीचं दुखणं घेऊन फादर आले, बोलायचं ते बोलले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या बातमीत आमच्या एका वार्ताहराने सवयीने 'कैलासवासी' लिहिलं होतं. मी ते खोडलं; आता वाटतं, राहू द्यायला हवं होतं.

हे झालं मोठ्या माणसांचं. आमच्याकडे खरा पेच आहे तो सेतू केंद्राच्या रांगेत. नगर, जालना आणि आमच्या पाटोदा-आष्टीच्या शिवेवर जे ख्रिस्ती आहेत, त्यांतले बहुतेक मूळचे महार-मांग. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी निजामाच्या दिवाणाकडून, सालारजंगांकडून, जमीन मिळवून 'बेथेल' वसवलं ते याच लोकांसाठी. जन्माने ब्राह्मण असलेला माणूस त्यांच्यात जाऊन राहिला. स्वर्गाचा पत्ता त्याने सर्व्हे नंबरासकट लिहून दिला होता. आष्टीपासून हाकेच्या अंतरावर जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं. निरक्षर, बहुतेकदा दलित बायांना हाताशी धरून त्यांनी गावोगावच्या आरोग्याची घडी बसवली. १९७९ साली मॅगसेसे मिळालं, जगभरचे डॉक्टर शिकायला आले. आमच्या तालुक्यातल्या बाळंतिणी तिकडे जात. कुणी पितृभू विचारून केसपेपर काढला नाही.

पण त्या वस्तीतल्या पोराने जातीचा दाखला काढायला जावं. पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. त्या तारखेच्या अनुसूचित जातींच्या आदेशात कलम असं की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा मानायचं नाही. शिखांना १९५६ साली आत घेतलं, बौद्धांना १९९० साली. ख्रिस्ती बाहेरच. धर्म बदलला, विहीर बदलली नाही, पाणवठ्यावरची नजर बदलली नाही. पण सवलत गेली, राखीव जागा गेली आणि मारलं-झोडलं तर ॲट्रॉसिटीचा कायदाही त्याच्या बाजूने उभा राहत नाही. म्हणून रविवारी पेटी-तबल्यावर ख्रिस्ताची भजनं म्हणणारा सोमवारी 'हिंदू मांग' असा कागद काढतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वागण्याला संविधानाशी लबाडी ठरवलं. कायद्याच्या चौकटीत ते बरोबर असेल. पण ही लबाडी त्याला कोणी शिकवली? रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ सालीच धर्माची अट काढा म्हणून सांगितलं होतं. २०२२ साली नवा आयोग बसला, त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ. संविधान सभेतल्या ख्रिस्ती प्रतिनिधींनी आपण होऊन राखीव मतदारसंघांवर पाणी सोडलं होतं, हरेंद्रकुमार मुखर्जी तर त्या सभेचे उपाध्यक्ष होते. त्यांना ही रांग दिसली असती तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. स्वर्ग की भारत, असा पेच त्या माणसापुढे पौलाने टाकलेला नाही. तो आपण टाकलाय, छापील अर्जावर, एका रकान्यात.

एक चिडचिड उलट्या बाजूचीही आहे, तीही सांगून टाकतो. अलीकडे काही तरुण प्रचारक गावोगाव सांगत फिरतात, की आपलं घर वर आहे, मत देऊन काय करायचं, ग्रामसभेला जाऊन काय करायचं. हे पौलाच्या नावावर खपवू नका. कैसराकडे दाद मागणारा माणूस ग्रामसभा चुकवणारा नव्हता.

यंदाच्या अंकाचा विषय 'पत्ता' आहे. आता हे सगळं त्याला जोडायचं म्हणजे थोडी ओढाताण होणार. पण बीडच्या माणसाला जोडायला फार लांब जावं लागत नाही. माझे वडील निजामाची रयत म्हणून जन्मले आणि १७ सप्टेंबर १९४८ ला गाव न सोडता दुसऱ्या देशात आले. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या लाखो माणसांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेऊन, कोयता-बिऱ्हाड गाडीत टाकून घराला कुलूप लावलेलं असेल. सहा महिने फडावरच्या कोपीत. पोरांची शाळा इकडे, रेशन कुठे, मतदान कुठे, बाळंतपण कुठे, सगळं रामभरोसे. बायबलातला अब्राहाम तंबूत राहून पक्क्या पायाच्या नगराची वाट पाहत होता, असं त्या ग्रंथात आहे. अशी वाट पाहणं आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कारखान्यांच्या हद्दीत आमच्या या माणसांनाही 'तुम्ही कुठले' हाच प्रश्न येतो, आणि त्यात स्वर्गाचा संबंध नसतो.

ख्रिस्ती वस्त्यांवरचा लेख आम्ही अंकाच्या सुरुवातीलाच घेतला आहे. एक शब्द कापलेला नाही. वाचून तुमचं जे काही मत होईल ते पोस्टकार्डावर कळवा, मोबाइलवरचं ढकललेलं पाठवू नका. त्या जाहिरातदारांनी दुकानाची पानभर जाहिरात यंदा दिली नाही. त्यांच्या वडिलांचं पुण्यस्मरण मात्र शेवटच्या पानांत आहे. पैसे आगाऊ आले होते, आणि 'कै.' आम्ही तसंच ठेवलं आहे.