तळपाय कोण बघणार?

बॉब मार्लेचं पोस्टर नाही अशी एक तरी विंग आपल्या हॉस्टेलमध्ये दाखवा! पण तो कशाने गेला विचारलं, तर उत्तर येतं, "ड्रग्ज असतील!" अहो, १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. तो अंगभर पसरला आणि १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी तो गेला.

हे आठवायचं कारण म्हणजे प्रोजेक्टचा सीझन. फोटोवरून स्किन कॅन्सर ओळखणारं सॉफ्टवेअर हा सध्या सगळ्यांचा लाडका विषय. फोटो कुठले? 'हॅम टेन थाउजंड' हा २०१८ चा फुकट मिळणारा संच. व्हिएन्ना आणि क्वीन्सलँडमधले १०,०१५ फोटो, त्यात ६,७०५ साधे तीळ! म्हणजे डोळे मिटून दरवेळी 'तीळ' म्हणणारा प्रोग्रॅमही ६७ टक्के पास. आणि आपण व्हायव्हाला अ‍ॅक्युरसी मिरवतो.

पण माझं खरं भांडण वेगळं आहे. गोऱ्या लोकांना मेलॅनोमा होतो तो मुख्यतः उन्हामुळे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो कमी, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. तिथे उन्हाचा काय संबंध? माणूस कुरूप किंवा जुनी जखम समजून सोडून देतो, आणि उशीर होतो.

१९९५ मध्ये बोस्टनला मिलिंद राजाध्यक्ष (आपलं नाव दिसलं की बरं वाटतंच!) आणि सहकाऱ्यांनी कॉन्फोकल मायक्रोस्कोपने, कातडी न कापता, जिवंत माणसाच्या त्वचेतल्या पेशी दाखवल्या. मशीन भन्नाट, पण महाग. शिवाय त्याची नजर जेमतेम पाव मिलिमीटर खोल जाते, आणि तळपायाचं कातडं किती जाड असतं ते सांगायला नको.

त्यापेक्षा साधा डर्मोस्कोप बरा. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पोलराइज्ड लाइट, बस्स. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. काळा रंग खाचांत असेल तर बहुधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय. हे जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलंय. शेवटी तुकडा काढून तपासावा लागतोच, पण कोणाचा काढायचा ते तरी कळतं. आणि खाच-उंचवटा वेगळा करणं हे तर सरळसरळ इमेज प्रोसेसिंग झालं!

गाइड सर म्हणाले, "डेटा कुठून आणणार?" मी म्हटलं, "सरकारी हॉस्पिटलच्या त्वचा विभागातून." ते म्हणाले, "आधी अर्ज लिहून आण."

अर्ज लिहून झालाय. बरोबर कोण येतंय?