सोनोग्राफीचा आकडा आणि मोजणारा हात

ओतूरच्या बाजारात कांद्याची गोणी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर काट्यावर खिळते. सोनोग्राफीच्या अहवालातील आकडा मात्र आपण निमूटपणे खरा मानतो. आजोबांची प्रोस्टेट ग्रंथी मागच्या खेपेस ३३ घन सेंटिमीटर होती, या खेपेस ४४ निघाली, एवढे वाचूनच घरावर चिंतेचे सावट पसरते.

ग्रंथी खरोखर वाढली, की मोजणी बदलली? या तपासणीत सहसा ग्रंथीची लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्यास ०.५२ ने गुणतात. तिन्ही मापे ४ सेंटिमीटर असतील तर उत्तर सुमारे ३३ येते, तिन्ही ४.४ धरली तर ४४. म्हणजे पडद्यावरील खूण प्रत्येक मापात अवघी ४ मिलिमीटर सरकली, तरी ग्रंथी एक तृतीयांशाने वाढल्याचा भास होतो. यंत्र तेच असले तरी ते धरणाऱ्या हाताचा कोन, मूत्राशयाची स्थिती आणि खूण ठेवण्याची पद्धत यांनी आकडा बदलू शकतो.

संशोधक ही अडचण किती गांभीर्याने घेतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गर्भाच्या निकोप वाढीची मापे ठरविण्यासाठी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘इंटरग्रोथ-२१’ हा प्रकल्प आठ देशांत राबविला गेला. नैरोबी, मस्कत, तुरिन यांच्या पंक्तीत आपले नागपूरही होते. सर्व केंद्रांवर एकाच प्रकारचे यंत्र वापरले गेले आणि मोजणाऱ्यांना एकसारखे प्रशिक्षण मिळाले. डोके, पोट व मांडीचे हाड यांचे प्रत्येक माप तीनदा घेतले जाई, आणि त्या वेळी पडद्यावरचा आकडा मोजणाऱ्यापासून लपविलेला असे. कारण अपेक्षित आकडा मनात असला की हात नकळत त्याकडे झुकतो. शिवाय काही चित्रे निवडून पुन्हा मोजली जात. हा खटाटोप नसता, तर नागपूर व नैरोबी येथील फरक बालकांचा की हातांचा, हे कळलेच नसते. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: माता निरोगी व सुपोषित असल्यास गर्भाची वाढ सर्वत्र बरीचशी सारखीच होते.

आपल्या नेहमीच्या तपासणीत एवढी दक्षता शक्य नसते. म्हणून थोडी आपणच बाळगावी. जुने अहवाल व चित्रे एका पिशवीत जपून ठेवावीत आणि प्रत्येक खेपेस सोबत न्यावीत. ओतूरहून आळेफाट्याला जा वा नारायणगावला, शक्यतो केंद्र एकच असावे. पाणी किती प्यावे, लघवी केव्हा करावी, या सूचना दर वेळी सारख्याच पाळाव्यात. मग डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, “हा फरक खरा, की मोजणीतला?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मात्र या ज्ञानाची ढाल करून दुखणे अंगावर काढू नये. लघवी अडणे, लघवीतून रक्त जाणे, थंडीताप येणे अशी लक्षणे दिसली, तर अहवालातील आकडा काहीही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. थोडक्यात, वाढलेल्या एका आकड्याने हबकू नये आणि न वाढलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये. माणसाकडे आधी पाहावे, आकड्याकडे नंतर.