तुझे किती झाले?

परवा एकाने विचारलं, "तुझे किती झाले?" किल्ले म्हणायचं होतं त्याला. मीही लगेच आकडा सांगितला, आणि वर दोन वाढवूनच सांगितला. मग स्वतःचीच लाज वाटली...

आधी कबुली देतो. आमच्या व्हॉट्सअॅप ट्रेकिंग ग्रुपने मला खूप दिलंय. नोकरीसाठी ठाण्यात आलो तेव्हा रूममेट सोडून ओळखीचं कुणी नव्हतं. इथे आडनाव, कॉलेज, पॅकेज काही न विचारता माणसं मिळाली. आमच्या आधीचे लोक ऑर्कुटवर (२००४ ते २०१४, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो) असेच जमायचे. त्यामुळे "नेटवरची मैत्री खोटी" हे काकालोकांचं पालुपद मला मान्य नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

मुरबाडहून म्हसा, नारिवली करत आम्ही सिद्धगडला गेलो. बालेकिल्ल्यावर ड्रोन उडाला, रील झालं, शिवरायांची गारद झाली. खाली हुतात्मा स्मारकापाशी कुणीतरी विचारलं, "हे कोण रे?" चाळीस 'गडप्रेमी', एकालाही सांगता येईना. मी धरून.

घरी येऊन वाचलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील. २ जानेवारी १९४३ ला इथेच पोलिसांच्या गोळीबारात गेले. कोतवाल माथेरानचे, नाभिक घरातले, वकील झालेले. १९४२ च्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, आणि शेवटी ही माणसं याच जंगलात लपून होती. म्हणजे तोही ग्रुपच की! फक्त तिथे अॅड होणं म्हणजे घरदार सोडणं होतं, आणि 'लेफ्ट' होण्याचा अर्थ तर विचारूच नका.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. त्याखालच्या ड्रोन फोटोला अडतीस. वर अॅडमिनचा निरोप, "कृपया फक्त ट्रेकसंबंधी पोस्ट टाका." आता बोला!

"वीकेंडला मजा करायला येतो, शाळेत नाही," असं एक जण म्हणाला. ठीक आहे. मग गारद कशाला देतोस बाबा, छाती फुगवून? कारण ती व्हिडिओत छान दिसते. ग्रुपने आपल्याला 'ट्रेकर' केलं खरं, पण तो ट्रेकर ग्रुपला जेवढा दिसतो तेवढाच उरलाय. जे फ्रेममध्ये मावत नाही ते गडावर असलं काय, नसलं काय. सिद्धगडवाडीत ज्या मावशींकडे भाकरी खाल्ली त्यांचं नाव तरी कुणाला आठवतंय? मला नाही आठवत.

असो. दरवर्षी २ जानेवारीला पहाटे तिथे लोक आदरांजलीला जमतात. मी ग्रुपवर पोल टाकलाय. कालपर्यंत तीन जण तयार होते. मी धरून.