मस्टँगची मागची सीट



या महिन्यात दुबईहून आलेल्या एका पत्राला उत्तर देते आहे. लिहिणारे भाई मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, दहा-अकरा वर्षांपासून तिकडे नोकरीला. मुलगी 6 वर्षांची, मुलगा 2 वर्षांचा. गेल्या वर्षी त्यांनी एक जुनी मस्टँग विकत घेतली. दोन दरवाजांची, आठ सिलिंडरची. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: “लहानपणापासूनची इच्छा होती. कर्ज काढलेले नाही, गाडी योग्य भावात मिळाली. मुले तर गाडीवर जाम खूश आहेत. पण पत्नी रोज म्हणते, विकून टाका. मुले सोबत असली की मी सावकाशच चालवतो. तुम्ही शिक्षिका आहात, तिला जरा समजावून सांगा.”

भाई, आधी तुमची बाजू. घरापासून दूर राहून, गावी पैसे पाठवून, बहिणींची लग्ने पार पाडून एखाद्या माणसाने स्वतःसाठी एक हौस केली, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. आपल्या घरांत बापाने फक्त कमवावे, त्याला आवडनिवड नसावी, असे धरूनच चालतात. ते बरोबर नाही. आणि मस्टँग काही केवळ श्रीमंतांसाठी जन्मलेली गाडी नाही. फोर्ड कंपनीने 1964 साली ती बाजारात आणली, तेव्हा ती एका साध्या घरगुती गाडीच्या सांगाड्यावर बांधली होती. पगारदार तरुणालाही घेता यावी, हाच हेतू होता. साठ वर्षांनंतरही एका पगारदार माणसाला ती हवीशी वाटली, यात नवल काही नाही.

आता तुमच्या पत्नीची बाजू. त्यांची भीती त्यांना नीट मांडता येत नसेल, म्हणून मी मांडते.

तुमच्या इंजिनाची ताकद चारशे हॉर्सपॉवरच्या वर आहे. आपल्याकडच्या अल्टोसारख्या छोट्या गाडीची सत्तरच्याही आत असते. पण नुसती ताकद कोणाला इजा करत नाही. 80 च्या वेगाने जाणारी मस्टँग आणि 80 च्या वेगाने जाणारी दुसरी गाडी यांत मस्टँगचे ब्रेक कदाचित जास्त चांगले असतील. तेव्हा “सावकाश चालवतो” हे तुमचे म्हणणे मी खरे मानते. माझा प्रश्न मागच्या सीटचा आहे.

युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासणारी युरो एनकॅप नावाची संस्था आहे. 2017 च्या जानेवारीत तिने मस्टँगला पाचपैकी 2 तारे दिले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी गुण होते 32 टक्के. धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट ओढून धरणारी यंत्रणा मागच्या सीटला नव्हती, हे त्यातले एक मोठे कारण. त्याच वर्षी कंपनीने सुधारणा केल्या आणि तारे 3 झाले. ही युरोपातल्या गाडीची चाचणी होती. तुमची गाडी कोणत्या वर्षाची आहे आणि तिच्या मागच्या पट्ट्यांना ही यंत्रणा आहे का, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा. घेताना इंजिनाची चौकशी आपण दहा वेळा करतो. मागच्या पट्ट्याची एकदा तरी करायला हवी.

त्याहून मोठी गोष्ट रोजची आहे. दोन दरवाजांच्या गाडीत मुलाला मागे बसवायचे म्हणजे पुढची सीट वाकवायची, स्वतः अर्धे आत शिरायचे, मुलाला त्याच्या बेबी सीटवर ठेवायचे आणि कंबर मोडून पट्टे लावायचे. पार्किंगमध्ये शेजारी गाडी असली, तर तो लांब दरवाजा पुरता उघडतही नाही. जून-जुलैच्या उन्हात, हातात सामान, मूल रडते आहे. असे दोन-तीन आठवडे नीट चालते. मग एके दिवशी तोंडातून निघते, “इथेच तर जायचे आहे, घे मांडीवर.” बहुतेक घरांत शिस्त इथेच सुटते. जी गोष्ट करायला त्रासाची, ती माणूस हळूहळू टाळू लागतो. म्हणून मुले लहान असताना गाडी अशी हवी की योग्य तेच करणे सोपे जाईल.

मांडीवरच्या मुलाचे काय होते, हे मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवते. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. धडकेत गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 14 पट जोर बसतो. 12 किलोचे मूल त्या क्षणी जवळजवळ 170 किलोच्या जोराने हातांतून निसटते. कोणत्याही अम्मीचे हात तेवढे बळकट नसतात. इथे मायेचा काहीच इलाज चालत नाही, पट्टाच हवा.

वेगाचाही हिशेब पाहा. दुबईत मर्यादेपेक्षा 20 किलोमीटरपर्यंत जास्त गेले तरी दंड होत नाही, म्हणून पुष्कळजण ते 20 आपल्या हक्काचे समजतात. पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग 100 चा 120 झाला, तर वेग वाढतो 20 टक्के आणि ऊर्जा 44 टक्के. 60 चा 120 झाला, तर चौपट. दंडाची पावती आली नाही, म्हणून हा हिशेब बदलत नाही.

कायदा तुम्हाला ठाऊक असेलच. अमिरातीत 2017 पासून 4 वर्षांपर्यंतच्या मुलाला बेबी सीट सक्तीची आहे. पुढच्या सीटवर बसणाऱ्याचे वय किमान 10 वर्षे आणि उंची 145 सेंटिमीटर हवी. म्हणजे तुमची दोन्ही मुले आणखी काही वर्षे मागेच बसणार. मागे तोंड करून ठेवलेली बेबी सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये, मग कितीही अडचण असो.

आणखी एक गोष्ट, शिक्षिका म्हणून सांगते. मुलाला परवाना मोठा झाल्यावर मिळतो, पण गाडी चालवायला तो मागच्या सीटवर बसून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच शिकत असतो. सिग्नल हिरवा झाला की अब्बा इंजिन गुरगुरवतात आणि मुले टाळ्या वाजवतात. यात वाईट काय, असे वाटेल. पण अब्बांना शाबासकी कशावर मिळते, हे त्या चिमुकल्या डोक्यात तेव्हाच ठरून जाते. सोळाव्या वर्षी तो किल्ली मागू लागला, की आपण म्हणतो, पोरगा कोणाचे पाहून बिघडला?

मग करायचे काय? घरात दुसरी, चार दरवाजांची साधी गाडी ठेवणे परवडत असेल, तर मस्टँग खुशाल ठेवा. मुलांची ने-आण दुसऱ्या गाडीतून. मस्टँग सुट्टीच्या दिवशी तुमची एकट्याची, कधी दोघांची. गाडी जुनी आहे, म्हणून टायर आधी तपासा. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. त्यावरून टायरचे वय कळते. तिकडच्या उन्हात टायर दिसायला ठीक असला तरी आतून म्हातारा झालेला असू शकतो.

आणि दोन गाड्यांचा विमा, पार्किंग, मुलीची फी हे सगळे एका पगारात बसत नसेल, तर मस्टँग विका. तुमची चूक झाली म्हणून नव्हे. मुले लहान आहेत म्हणून, आणि ती कायम लहान राहणार नाहीत. आठ वर्षांनी तुमचा मुलगा दहाचा होईल, मुलगी चौदाची. तेव्हा पुन्हा घ्या. मुले आपल्याकडे सोपवलेली अमानत आहेत. या काही वर्षांत त्यांच्यासाठी हौस बाजूला ठेवली, तर हौस संपत नाही, थोडी थांबते एवढेच. पत्नीलाही हे असेच सांगा, म्हणजे “तुझ्यामुळे विकली” हा टोमणा घरात जन्मभर राहणार नाही. आणि भगिनी, तुम्हीही गाडी गेल्यावर विजय साजरा करू नका. एका माणसाने मनातली वस्तू सोडली आहे, याची जाणीव ठेवा.

इथल्या वाचकांनी “आमच्याकडे कुठे मस्टँग” म्हणून पान उलटू नये. आपल्या मोहल्ल्यातली ताकदवान मोटारसायकल, टाकीवर बसवलेले तीन वर्षांचे मूल, डोक्यावर हेल्मेट फक्त अब्बांच्या, हे चित्र रोजचे आहे. आपल्याकडेही नियम आहेत. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, वेग 40 च्या आत हवा. मोटारीत 14 वर्षांखालचे मूल पट्ट्याविना असले, तर 1000 रुपये दंड आहे.

या रविवारी एक काम करा. गाडी उभी असताना स्वतः मागच्या सीटवर बसा, पट्टा ओढून पाहा. पुष्कळ घरांत तो सीट कव्हरखाली गाडलेला सापडेल. तो बाहेर काढा, आणि मगच मुलांना हाक मारा.

पुढच्या महिन्यात मुलांच्या हातखर्चाबद्दल बोलू. वस्सलाम.